आईच्या खोलीतलं मोजमाप

अँटेना मोजणं हा माझा धंदा. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत भिंतींना काळ्या फोमचे सुळके लावलेली एक खोली आहे. तिथे अँटेना फिरत्या स्टँडवर चढवायची, दार लावायचं आणि ती कुठल्या दिशेला किती जोराने लहरी सोडते ते बघायचं. आत माणूस नको, लोखंड नको.

आणि माझ्याच आईचा फोन लालबागच्या चाळीत रात्री लागायचा, दुपारी नाही. मागच्या आठवड्यात तिला मोरीत चक्कर आली. त्या दुपारी मी लावलेला फोन लागलाच नाही. संध्याकाळी शेजारच्या काकांकडून कळलं. जगाच्या अँटेना मोजणाऱ्याला आईची खोली मोजावीशी वाटली नव्हती, याची लाज वाटली.

रविवारी सिग्नलचा मीटर, अँटेना आणि तिचा स्टँड घेऊन चाळीत गेलो.

"कोणी हलू नका," मी म्हटलं. माणसाच्या अंगानेही आकडा बदलतो. पण चाळीत न हलणं म्हणजे काय, हे कुणाला ठाऊक? कोणी चहा आणला, कोणी स्टँडला टेकलं. काका गॅलरीतून ओरडत होते, "डावीकडे फिरव रे! आलं का? आम्ही टीव्हीचं असंच लावायचो!"

"काका, हा टीव्ही नाही!"

"अरे, अँटेना ती अँटेना!"

"तुका काय व्हया ता माप," आई म्हणाली, "पण माझ्या देवांका हात लावू नको."

चार वेळा पहिल्यापासून मोजलं. डोकं उठलं होतं. दुपार टळायला आली, तरी सिग्नल खोलीभर उत्तम. शेवटी पडताळायला म्हणून तिचा फोन मागितला.

तिने फळीवरून स्टीलचा डबा काढला, घट्ट झाकण उघडलं आणि फोन माझ्या हातात दिला. फोन बाहेरच्या लहरींपासून तोडायचा असला की आम्ही प्रयोगशाळेत तो नेमका असाच धातूच्या बंद डब्यात ठेवतो.

"आई! डब्यात?"

"मेले उंदीर कायव कुरतडतत. साडेसाताक भायर काढतंय मा. तू आठाकच करतंस."

"आणि दिवसभर?"

"दिवसाचो माका कोण फोन करता?"

मी फोन देवांच्या फळीवर, उंदीर पोचणार नाहीत असा ठेवला. "इथेच राहू दे. मी दुपारी करीन."

"करशील?"

मी मान हलवली आणि स्टँड मिटायला घेतला. गॅलरीतून काका अजून विचारत होते, "आलं का रे? आलं?"