दिवसभर बोलायचं काम

लेक झाली तेव्हा वर्षभर सगळ्यांना तिचं कौतुक. पोरगी किती शांत! दारात ट्रॅक्टर सुरू झाला तरी झोप मोडत नाही. मलाही बरंच वाटायचं, कामं उरकायची. एकदा माझ्या हातून भरलेली कळशी तिच्या पाठीमागंच फरशीवर आदळली. सासूबाई केवढ्यानं ओरडल्या. लेक आपली चमचा चोखत बसलेली, मान वळवली नाही की पापणी लवली नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुण्यात तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतंय, पण अगदीच येत नाही असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मशीन लावा आणि सारखं बोला. भाषा याच वयात कानात बसते, वय गेलं की मग फार अवघड. म्हणजे माझी लेक बोलणार की खुणा करत आयुष्य काढणार, हे या दोन-तीन वर्षांतच ठरायचं होतं. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. मशीन म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं खोकं, छातीवर अडकवायचं. त्याच्या वायरी कानातल्या साच्यांपर्यंत जायच्या. झबल्यांना पुढं खिसे मीच शिवले.

दर गुरुवारी एसटीनं बारामतीला जायचं. तिथं एक बाई दोन खोल्यांत अशा मुलांना शिकवायच्या. नवऱ्याची एमआयडीसीत पाळी, म्हणून कडेवर लेक, खांद्यावर पिशवी आणि मी. गाडीत बसायला जागा मिळाली तर नशीब. परत येईपर्यंत अंगाचं पिठलं झालेलं असायचं.

काही आठवडे गेले आणि बाईंनी विचारलं, "नवी बॅटरी अजून मागितली नाहीत?"

मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "न्हाय बाई, लय जपून वापरतो आमी."

जपून म्हणजे कसं, तर गुरुवारी. आमच्या घरात महाग वस्तू रोज वापरायची पद्धतच नव्हती. पैठणी लग्नाला, चांगल्या कपबशा पाहुण्यांना, तसं मशीन बारामतीला. एरवी सासूबाईंनी ते मऊ धडप्यात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवलेलं असायचं. रोज हळदकुंकू वाहायच्या त्याला. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते कान आहेत तिचे. कान कुणी फळीवर ठेवतं का?"

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई रडायलाच लागल्या. नातीचं नुकसान आपल्या हातून झालं, हे त्यांना सोसेना. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी स्वतः मशीन लेकीच्या छातीवर अडकवलं.

पण मशीन चालू असून भागत नाही, आत शिरायला आवाज लागतो. आणि आवाज आणायचा कुठून? सासऱ्यांना सगळं घर आबा म्हणायचं. उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पुढं मेंढरं विकली, ऊस लावला, गुडघे गेले आणि आबा ओसरीवरच्या बाजेवर कायमचे बसले. आबा ओसरीवर असले की सुनांनी मोठ्यानं बोलायचं नाही, पदर तोंडावर घ्यायचा. तसं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मी लेकीच्या मशीनशी तोंड नेऊन कुजबुजायची. हा भात, ही वाटी, हा काऊ. तिला त्यातलं काय पोचणार, कप्पाळ!

एका गुरुवारी आबा म्हणाले, "मी येतो. बघू तरी ती बाई काय शिकवती." बाईंनी लेकीच्या मागं डबा वाजवला, तिनं मान वळवली. आबा हरखले. मग बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, घरी दिवसभर बोलता ना, मोठ्यानं, तोंड दिसेल असं? मी आबांकडं बघितलं. माझ्याऐवजी आबाच बोलले, आणि तेही ताठ मानेनं.

"आमच्यात सुना मोठ्यानं बोलत न्हाईत, बाई. चाल हाय आमची."

"मग नातही बोलणार नाही, आबा," बाई शांतपणे म्हणाल्या.

येताना एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले. वाटेतलं लासुर्णं गेलं, आमचा स्टँड आला, तरी नजर आत वळली नाही. मला वाटलं, झालं, आता हे गुरुवार बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धाकट्या दिराला हाक मारली आणि बाज उचलून अंगणापलीकडं लिंबाखाली न्यायला लावली. मग स्वतः लंगडत माझ्यासमोर आले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी सरळ बोलले.

"पोरी, तोंडावरचा पदर काढ. तुजा आवाज तितं झाडापातूर आला पायजे."

तेव्हापासून जो पट्टा सुरू झाला, तो आठवला तरी अजून घसा दुखतो. भाकरी थापताना भाकरी, केर काढताना केर, आंघोळीला पाणी गरम, पाणी गार, डोळे मीट, साबण गेला, रडू नको. ऐकणारी उत्तर देणार नाही हे माहीत असताना बोलत राहणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. शेजारणी म्हणाल्या, हिला वारं लागलं. जरा दम घ्यावा तर लिंबाखालून आबांची हाळी यायची, "का गं, थांबलीस?" रानातला आवाज तो, चार शेतं ओलांडून यायचा. मला एवढा राग यायचा! वाटायचं, तुमीच बोला की आता, आबा. पण राग गिळून पुन्हा सुरू. दोन उन्हाळे असेच गेले. लेक मान वळवायची, हसायची, हवं ते बोटानं दाखवायची. शब्द मात्र नाही. रात्री नवरा विचारायचा, "आज काय बोलली का?" त्याला उत्तर द्यायलाही माझ्याकडं शब्द उरायचे नाहीत.

मग एक दुपार. आबा आणि सासूबाई वालचंदनगरला एका बारशाला गेलेले, घरात आम्ही दोघीच. मी शेंगा फोडत होते आणि बोलता बोलता संपूनच गेले. ठरवून नव्हे. तोंड उघडेना, एवढंच. भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले. बोलून बोलून या पोरीचं काही होणार नाही, असं त्या दिवशी मला अगदी खरं वाटलं.

थोड्या वेळानं झबल्याचा खिसा ओढल्याची चाहूल लागली. लेक माझ्यापुढं उभी होती. छातीवरचं मशीन तिनं बाहेर काढलं होतं. आधी त्याला टिचकी मारली, कानातला साचा दाबून बघितला, मग ते माझ्या तोंडापुढं धरलं. रोज निजताना मशीन काढायच्या आधी मी जे म्हणायची, तेच तिनं म्हटलं. जाड, घोगऱ्या आवाजात, पण स्वच्छ.

"बंद."

मशीन चालूच होतं. माझा आवाज थांबला होता, आणि तो थांबलेला तिला कळला होता. मी तिला पोटाशी धरून भोकाड पसरलं. आनंद होता, थकवा होता, आणि आता पुन्हा उठून बोलायचंय याचं रडूसुद्धा होतं.

मग डोळे पुसले आणि म्हटलं, "बंद न्हाय गं, बाळा. ही बघ शेंग. शेंग फोडली. आत दोन दाणे."