बखरवाल्या सरांचं चौथं प्रकरण

बखरवाले सर कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवरच्या प्लगला हात लावून बघत. गरम लागला तर बटण बंद करत आणि मगच पाणी घेत. आगीला एवढा भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मुलांनो, आमच्या कॉलेजात सर रशियन शिकवत आणि मी इंग्रजी. निवृत्तीनंतर ते जुन्या रशियन साहित्याचा इतिहास मराठीत लिहीत होते. तिकडच्या मठांतले साधू वर्षावर्षाच्या घडामोडी लिहून ठेवत. त्या ग्रंथांना सर 'बखरी' म्हणत, म्हणून हे नाव. "लाकडाची गावं होती, मॅडम," ते सांगत. "एक ठिणगी पडली का मठ गेला, मठासंगं पोथ्या गेल्या. जे दोन ठिकाणी होतं तेच उरलं."

म्हणून त्यांच्या वह्यांची दुसरी प्रत माझ्याकडे असायची. ते राहायला हुडकेश्वरला, मी बेसाला. दर महिन्याला ते एक प्रकरण आणून देत, मी ते हाताने उतरवून परत करायचे. झेरॉक्स काढू म्हटलं तर म्हणत, "मशीन वाचते थोडी? हातानं उतरवलं का डोक्यातही एक प्रत राहते." त्यांच्या पत्नी हसायच्या, "घर जळालं तरी चालते यांना, वही नाही जळाली पाहिजे."

चौथं प्रकरण भूर्जपत्रांचं होतं. तिथल्या साध्यासुध्या माणसांनी झाडाच्या सालीवर कोरलेली घरगुती पत्रं चिखलात शेकडो वर्षं टिकली, त्याबद्दल. त्या महिन्यात आमच्याकडे लग्न होतं. मी प्रकरण एकदा वाचलं, उतरवलं नाही, आणि वही परत करताना "झालं" म्हटलं. पुन्हा मागून घेऊ, असं मनात होतं. ते राहूनच गेलं.

मे महिन्यात भर दुपारी सरांच्या कूलरची वायर पेटली. दोघं वाचले, वह्यांची खोली गेली. संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज शांत होता.

"काही हरकत नाही. तुमच्याजवळ आहे नं पुरं?"

"हो, सर," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मी कोरी वही काढली. पुढचे आठ दिवस दाराची बेल वाजली की सर आले की काय, म्हणून मी आधी खिडकीतून बघायचे. मी चौथं प्रकरण आठवून आठवून लिहिलं. जिथे आठवेना, तिथे एक पत्रच रचलं. त्यात एक बाई शेजाऱ्याला लिहिते: 'सांगितलेलं काम केलं नाही आणि केलं असं बोलले. आता तुझ्या दारात यायची भीती वाटते.'

मी वही घेऊन हुडकेश्वरला गेले, तेव्हा सरांनी ते माझ्यासमोर वाचलं. त्या पत्रापाशी त्यांचं बोट थांबलं. मी पंख्याकडे बघत होते.

"हे पत्र मले आठवत नाही," ते म्हणाले. मग ओळ पुन्हा वाचून, "लय भेवून राहिली वं ही बाई."

मी वही घ्यायला हात पुढे केला.

"तिले म्हणा, येत जा." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "आणि ते जुने लेखनिक शेवटी काय लिहीत, तेवढं खाली लिहून टाका."

प्रत उतरवून झाली की मठांतले ते लेखनिक चुकांबद्दल वाचणाऱ्याची माफी मागत, शाप देऊ नका म्हणत, हे सरांनीच मला शिकवलं होतं. "घरी लिहिते," म्हणून मी उठले. लिहिलं नाही. सरांना सगळं कळलंय, या भीतीने पुन्हा हुडकेश्वरला गेलेही नाही. दिवाळीच्या आधी सर गेले.

आता सगळं टाइप करून तुम्हा दोघांना एकेक प्रत, एक टोरांटोला, एक पर्थला, पाठवते आहे. दोन घरं, दोन दिशा. पण जीव अजून घाबरतो. उद्या कुणी ते पत्र खरं मानून छापलं, तर सरांच्या नावावर खोटं जाईल. म्हणून चौथ्या प्रकरणाखाली आज लिहिलं आहे: हे उतरवलेलं नाही, आठवलेलं आहे, चुकलं तिथे दुरुस्त करा, शाप देऊ नका. आणि त्यातली घाबरलेली बाई रशियातली नाही, बेसाची आहे. तिला ये म्हटलं होतं. ती गेली नाही.