थोरलीचा दोरा

टपाल कचेरीत त्यांना सगळे छाननीबाई म्हणत. सव्वीस वर्षे त्या एकाच उंच टेबलापाशी उभ्या होत्या आणि एकाच आडनावाच्या, एकाच गल्लीतल्या दोन घरांची पत्रे त्यांच्या हातून कधी अदलाबदल झाली नव्हती. अक्षर पुसट असले, पत्ता अर्धा असला, तरी त्या पाकीट क्षणभर उजेडाकडे धरत आणि नेमक्या खणात टाकत. नव्याने बदलून आलेले पोस्टमास्तर एकदा कौतुकाने म्हणाले, "बाई, तुमच्यापुढे जुळ्यांचीसुद्धा डाळ शिजायची नाही." टेबलाभोवतीची माणसे एकदम कामाला लागली. मास्तरांना कोणीतरी चहाच्या निमित्ताने बाहेर नेले आणि तिथे सांगितले.

बाईंना जुळ्या मुली झाल्या होत्या. त्यांतली एक राहिली होती.

त्या वर्षी पानगळ लवकर सुरू झाली. सकाळी दार उघडले की पायरीवर पाने असत. बाई ती लोटत, मग तिघांसाठी चहा टाकत. नवरा भिंगे घासण्याच्या कारखान्यात कामाला होता. आधी स्वतःचा चष्मा पुसून, मग घड्याळ पाहून तो सातला बाहेर पडे. मुलगी त्याच्यानंतर अर्ध्या तासाने. घराचा हा क्रम दहा वर्षांत बदलला नव्हता, आणि तो बदलू नये याची तिघेही न बोलता काळजी घेत.

क्रम मोडला तो नणंदेने. एका रविवारी ती धुतलेल्या लोकरीचे पोते घेऊनच आली.

"वहिनी, उंदरांनी यात संसार थाटायच्या आत तुम्ही तरी याचं काहीतरी करा."

"मी सोडलंय ते."

"दहा वर्षं तेच ऐकतेय. पोरगी पुढच्या महिन्यात थंडीच्या गावाला शिकायला निघालीये, आणि आईचा हात एवढा चांगला असताना तिनं दुकानातला स्वेटर घालायचा?"

"दुकानातला बरा," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला. "त्याच्या दोन्ही बाह्या सारख्या असतात."

"तू गप्प बस रे. भिंग लावून बसलास तरी तुला उलट टाका कुठला नि सुलट कुठला ते कळायचं नाही."

नणंद गेली, पोते राहिले. संध्याकाळी बाईंनी टकळी काढली. लोकर पिंजून, पेळू करून पहिला धागा ओढला तो कुठे जाड, कुठे केसाएवढा बारीक निघाला आणि तुटला. तिसऱ्या दिवशी बोटांना जुनी ओळख पटली. पीळ सारखा पडू लागला. टकळीची बारीक घरघर घरात पुन्हा ऐकू येऊ लागली तसा नवरा वाचता वाचता मान वर करी आणि पुन्हा खाली घाली. मुलगी मात्र दाराच्या चौकटीला टेकून पुष्कळ वेळ उभी राही.

"मापं घेणार ना?" चौथ्या दिवशी तिने विचारले.

"घ्यावी तर लागतीलच."

"मग डबा काढ," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या घरी माप फुटपट्टीने घेत नसत. प्रत्येकीचा एक लोकरीचा दोरा होता, थोरलीचा तांबडा आणि धाकटीचा करडा. दरवर्षी पानगळीत मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंत दोरा धरायचा आणि मनगटाशी गाठ मारायची. दुसऱ्या वर्षापासून सातव्यापर्यंत दोघींच्या सहा-सहा गाठी झाल्या होत्या. थोरलीची गाठ नेहमी बोटभर पुढे असे. दोघींत फरक म्हणावा असा तेवढाच होता, आणि तोही शेजारी शेजारी उभ्या केल्यावर दिसणारा. म्हणून बाई थोरलीच्या स्वेटरच्या मनगटाला तांबडी ओळ विणत. सातव्या वर्षीच्या हिवाळ्यात दोघींना एकाच वेळी ताप चढला. रुग्णालयात एकाच खाटेवर ठेवले, डोक्यांवरचे केस काढले. पाचव्या दिवशी पहाटे परिचारिकेने विचारले, यातली कोण गेली? बाईंनी मनगटावरची तांबडी ओळ पाहिली आणि थोरलीचे नाव सांगितले. घरी येऊन त्यांनी दोऱ्यांचा डबा माळ्यावर टाकला. उरलेल्या एकटीला कोणाच्या शेजारी उभी करणार होत्या?

आता त्यांनी तो डबा उतरवला, झाकण काढले आणि दोरे खिडकीशी नेले. करड्या दोऱ्यावर सहा गाठी होत्या. पुढे तो गुळगुळीत होता. तांबड्यावर सोळा होत्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. पहिल्या सहा त्यांच्या स्वतःच्या. सातवी ढिली, बटबटीत, लहान मुलाने मारावी तशी. आठवी, नववी जरा बऱ्या. पुढे पुढे हात सुधारत गेला होता, आणि शेवटच्या तीन गाठी दुहेरी होत्या, टोक आत दडवलेल्या, हुबेहूब बाई मारत तशा. सोळाव्या गाठीची लोकर अजून दबलेली नव्हती. ती याच पानगळीतली होती. जी मुलगी उरली होती तिचा दोरा सातव्या वर्षी थांबला होता. जिला पोचवून आल्या होत्या, ती डब्याच्या काळोखात दरवर्षी वाढत गेली होती.

"अहो, या डब्याला हात लावलात का तुम्ही?"

"मी कशाला लावीन? तूच बजावलं होतंस, कोणी उघडायचा नाही म्हणून."

त्या आठवड्यात घरातले आवाज त्यांना वेगळे ऐकू येऊ लागले. न्हाणीघरात पाणी ओतणारी कोण, जिन्यावरून उतरणारी कोण, हे त्या कान देऊन ऐकत. आणि मुलगी समोर आली की नजर तिच्या मनगटाकडे जाई. शुक्रवारी कचेरीत एक पत्र त्यांच्या हातून शेजारच्या खणात पडले. ते कोणी पाहिले नाही. त्यांनी ते उचलून जागेवर ठेवले.

रविवारी दुपारी, नवरा झोपलेला असताना, त्यांनी मुलीला खिडकीशी उभे केले. तांबड्या दोऱ्याचे टोक मानेच्या मणक्यावर दाबले आणि दुसरा हात खाली नेला. सोळावी गाठ मनगटाच्या हाडावर येऊन बसली.

"हा दोरा थोरलीचा आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग तू यावर का गाठी मारल्यास?"

"माझाच आहे म्हणून." मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. "त्या खाटेवर तिला हुडहुडी भरली होती गं. माझा स्वेटर बोटभर मोठा होता, म्हणून तिला घातला. तिचा मी घातला. त्याच्या बाह्या वर चढायच्या, ते पण आठवतं."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. घरी आल्यावर, एकदा. तू म्हणालीस, असं वेड्यासारखं पुन्हा बोलायचं नाही."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना ते आठवत होते. स्वयंपाकघराचे दार, त्यात उभी असलेली केस नसलेली लहान मुलगी, आणि आपण तिच्याकडे पाठ फिरवून घासत बसलेले पातेले.

"तू माझं नाव घेऊन रडायचीस," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. मी आपली पडून राहायचे. वाटायचं, परत सांगितलं तर तुला आता तिच्यासाठी पहिल्यापासून रडावं लागेल."

"दहा वर्षं हाक मारली की ओ देत होतीस."

"कोणीतरी द्यायला नको का?"

बाहेर वारा सुटला होता आणि पाने पायरीवरून सरकत होती. बाईंनी करडा दोरा मांडीवर घेतला. सहा गाठींवरून बोट फिरवले, आणि सहावीच्या पुढचा मोकळा भाग हाती लागताच त्या थांबल्या. या धाकटीसाठी त्या आजवर एकदाही रडल्या नव्हत्या. तिचे कपडे, वह्या, वाढदिवस सगळे दुसरीला देत आल्या होत्या. आता रडायला गेल्या तर रडू आले नाही. इतक्या उशिरा कुठून सुरुवात करायची, ते सुचेना.

"कुठल्या मापाचा विणणार आहेस?" मुलीने विचारले. "मी जायच्या आत सांग. तिकडे जाऊन मी कुठलंही नाव सांगू शकते. तू म्हणशील ते."

बाईंनी सुया हातात घेतल्या. पुढचे दोन आठवडे त्या कामावरून आल्या की विणत राहिल्या. मुलगी धाकटीच्या नावाला ओ देत राहिली, पण ती हाक आता फक्त बापच मारी. बाई तिला नुसतेच 'अगं' म्हणत.

जाण्याच्या चार दिवस आधी, दिवेलागणीला, पहिली बाही सुईवरून उतरली. नवरा तिथेच लडीचा गुंडा करत बसला होता. बाईंनी बाही झटकली आणि रोजच्या आवाजात आतल्या खोलीकडे हाक दिली,

"थोरले, बाही घालून बघ गं."

नवऱ्याचा हात गुंड्यावर थांबला. त्याने बायकोकडे पाहिले. तिने बाहीवरची नजर काढली नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावले आली, शांत, एकामागून एक, आणि उंबऱ्याशी थबकली.

"आले," ती म्हणाली.