मोगऱ्याची बाटली

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. मालतीबद्दल कोणी विचारलं की "कॅन्सर होता, गेली" एवढंच सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. ज्यांच्या घरी आज कोणाची केमोथेरपी चालू आहे, त्यांना उपयोग होईल म्हणून आता लिहितो आहे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. बडोद्यातल्या एका इस्पितळात डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "ओव्हेरियन कॅन्सर आहे." म्हणजे अंडाशयाचा कर्करोग. पोट फुगायचं, भूक लागायची नाही, आणि आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसलो होतो. माझ्या बायकोनं, मालतीनं, एकच विचारलं, "उलट्या फार होतात का हो?" तिला लहानपणापासून उलटीची धास्ती होती.

मी तेव्हा मकरपुऱ्यात सुगंधी रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होतो. उदबत्ती आणि साबणवाल्यांसाठी आम्ही वास बनवायचो. बाजार खुला झाल्यापासून मागणी वाढली होती आणि आमची ऐटही. मोगऱ्याच्या वासात लिनालूल नावाचा घटक असतो. तो लव्हेंडरमध्येही असतो, आणि त्यानं मन निवतं, झोप लागते, असं मी वाचलं होतं. मालतीला मोगरा फार प्रिय. तिची धाकटी बहीण शकू बडोद्यातच, वाडी भागात राहायची. मोगऱ्याच्या दिवसांत खंडेराव मार्केटमधून गजरा घेऊन ती आमच्याकडे यायची.

केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, संसर्ग पटकन होतो. म्हणून वॉर्डात ताजी फुलं नकोत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी कारखान्यातून मोगऱ्याच्या कंपाउंडची, म्हणजे रसायनं मिसळून केलेल्या वासाची, छोटी बाटली आणली. शकूनं ती हुंगली. "वास झकास आहे, भाऊजी. पण ह्याला देठ कुठं लावायचा?" मालती बऱ्याच दिवसांनी हसली.

पहिल्या सलाइनच्या वेळी थोडे थेंब रुमालावर टाकून तो मी तिच्या उशाशी ठेवला. फिनाइलचा वास मागे पडला. नर्स म्हणाली, "काका, आखो वॉर्ड महेके छे." सगळा वॉर्ड घमघमतोय म्हणे. मालतीच्या मुठी सैल झाल्या, डोळा लागला. नंतर उलट्या झाल्या, पण त्या औषधाच्या. मी कारखान्यात सांगत सुटलो की आपला मोगरा वॉर्डात कामाला आला. पुढच्या वेळीही रुमाल तयार ठेवला.

तिसऱ्या खेपेला सलाइन लावायच्या आधीच, मी रुमाल काढताक्षणी, तिला उमासे आले.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ह्याला अँटिसिपेटरी नॉशिया म्हणतात," ते म्हणाले. म्हणजे औषध अंगात जाण्याआधीच येणारी मळमळ. "केमोच्या वेळी जो वास असतो, त्याची गाठ शरीर औषधाशी बांधतं. मग तो वास घरी आला तरी उलटी होते. तुम्ही काही अत्तर वापरता का?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? लाज वाटली. वासावर पोट भरणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. मालतीला सांगितलं, आजारात असं होतंच.

दोन केमोंच्या मधल्या दिवसांत ती घरी होती. शकू गजरा घेऊन आली. तिला वाटलं, वॉर्डात बंदी आहे, घरी कशाला असेल? ती खाटेजवळ पोचते तोच मालती भडभडून ओकली. मी शकूला दाराशी नेलं. "तुझ्या फुलांनी तिला त्रास होतो. आता येऊ नकोस."

"बरं, फुलं नाही आणत. रिकाम्या हातानं येते, मग तर चालेल ने?"

"नको. बाहेरून संसर्ग येतो."

ती चपला हातात घेऊनच जिना उतरली. मालती रोज विचारायची, "शकू का येत नाही? रुसली का?" मी म्हणायचो, तिच्याकडे पाहुणे आहेत. आजार सगळ्या पोटात पसरला. शेवटच्या दिवसांत ती दाराकडे तोंड करून निजायची.

ज्यांच्याकडे असं आजारपण आहे त्यांना माझं सांगणं: रोग्याचा आवडता वास, आवडता पदार्थ केमोच्या दिवशी जवळ नेऊ नका. तो चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा.

पुढे बऱ्याच वर्षांनी शकूला अर्धांगवायू झाला. मी वाडीत भेटायला गेलो, सगळं सांगायचं ठरवून. मी बसतो तोच ती अडखळत म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी मी गजरा आणायला नको होता. माझ्यामुळे ताईचे हाल झाले. मला माफ करा."

मी म्हणालो, "जाऊ दे शकू, जुनी गोष्ट आहे."

तिचा चेहरा निवळला. मी चहा घेतला आणि घरी आलो. पुन्हा जाईपर्यंत ती राहिली नाही.

सांगायचं होतं ते एवढंच. शकू, तुझ्या गजऱ्याचा दोष नव्हता. मोगरा मी बिघडवला होता. तुला दारातून परत पाठवलं ते संसर्गासाठी नाही, तू माझ्या बाटलीचा विषय काढशील म्हणून. ताई रोज तुझी वाट बघत होती. माफी तू मागायची नव्हतीस.