पाचव्या शीलाला गप्प

आमच्या घरात बाबांनी घालून दिलेला एक नियम होता. जे पाळता येत नाही, ते तोंडानं म्हणायचं नाही. आम्ही मूळचे विदर्भातले बौद्ध, बाबांच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीत रुजलेले. आधी सरोजिनी नगरचं क्वार्टर, आता द्वारकेतला फ्लॅट. आमच्यासारखी आसपासची काही घरं रविवारी सकाळी कुणाच्या तरी हॉलमध्ये वंदनेला जमतात. आधी त्रिशरण, मग पंचशील. त्यातलं पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं. माझे काका नागपूरहून आले की चार शीलं खणखणीत म्हणायचे आणि पाचव्याला चष्मा काढून पुसत बसायचे. ते संध्याकाळी घेतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण निदान खोटं म्हणत नाहीत, म्हणून बाबा त्यांना मान देत.

त्यामुळे त्या हिवाळ्यात एका रविवारी मी पाचव्या शीलाला गप्प बसले, तेव्हा बाबांची मान माझ्याकडे वळली. आपण मोठा घोटाळा करून ठेवलाय हे मला तिथेच कळलं.

आई गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. तिची फुप्फुसं निकामी होत गेली. शेवटी शेवटी पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना ती दोनदा भिंतीला टेकायची, आणि ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. ती गेल्यावर घर एकदम शांत झालं. त्या शांततेत माझंही काहीतरी बंद पडलं. मी लग्न केलेलं नाही, त्यावरची चर्चा आमच्या घरी केव्हाच संपली आहे, त्यामुळे घरात बाबा आणि मी दोघंच. मी ऑफिसला जात होते, फायली पुढे सरकवत होते, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. रडू येत नव्हतं. वरणाला चव लागत नव्हती. गोळ्या घेतल्या, बदलल्या, पुन्हा बदलल्या. काही उपयोग झाला नाही.

मग डॉक्टरांनी वेगळा उपाय सुचवला. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात ते एक औषध, अगदी थोड्या प्रमाणात, सलाईनमधून, हॉस्पिटलातच त्यांच्या नजरेखाली द्यायचं. "थोडा वेळ जग वेगळं दिसेल," ते म्हणाले. "घाबरू नका. आणि सगळ्यांना गुण येतोच, असंही नाही." मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायलाही जी ताकद लागते ती माझ्याकडे नव्हती.

बाबांना सांगितलं नाही. बाबांनी लहानपणी गावात दारू पाहिली होती आणि अंगात येणंही. दोन्हीकडे पाठ फिरवून ते शिकले, इंजिनिअर झाले. कुणाला काही दिसलं, कुणाशी कुणी बोललं, असं ऐकलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठते. त्यांनी बंद कर म्हटलं असतं तर मी बंद केलं असतं, आणि त्याचीच मला भीती होती. माझ्याकडे दुसरं काही उरलेलंच नव्हतं. पाठ धरलीये, फिजिओथेरपीला जाते, असं मी ठोकून दिलं. परत आणायला सोबत माणूस लागतं, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीला बरोबर घेतलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. ती पक्की दिल्लीवाली, कामात चोख, आणि तिच्या मनगटावर नेहमी निरनिराळ्या देवस्थानांचे दोरे असतात.

पहिल्या वेळी फक्त छत लांब गेलं आणि हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. दुसऱ्या वेळी मात्र मी भिजवलेल्या पोह्यांसारखी सुटी सुटी झाले. मी अशी एक कुणी उरलेच नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. निळ्या-हिरव्या रंगाच्या लाटा आल्या, भिंती श्वास घेऊ लागल्या, आणि त्या भिंती सरोजिनी नगरच्या क्वार्टरच्या निघाल्या. तोच जिना, तोच चुन्याचा वास. पुढे आई, हातात ओल्या चादरींनी भरलेली बादली. ती गच्चीवर निघाली होती आणि मागे न बघता काहीबाही बोलत होती, भेंडी कशी महाग झालीये, वगैरे. मी मागून धावत होते.

शुद्धीवर आले तेव्हा उशी ओली होती. बाहेर आल्यावर मला सणकून भूक लागली. मैत्रिणीनं घरापर्यंत सोडलं, वाटेत छोले-भटुरे बांधून घेतले. कांदा जिभेला झोंबला आणि मी चक्क खूश झाले. झोंबतंय म्हणजे काहीतरी लागतंय!

दिसलं ते मी मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "अरे यार, वो तेरी मम्मी ही थीं. बिल्कुल वही थीं. तुझे बुलाने आई थीं." आणि मला गुडगावच्या एका सत्संगाला न्यायची तयारी सुरू केली. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले की मेंदूतल्या अडकून पडलेल्या वाटा मोकळ्या होतात, आठवणी वर येतात, अनुभवाचं फार मनावर घेऊ नका, झोप कशी आहे ते सांगा. मला दोघांचाही राग आला. एकीनं माझ्या आईला देवळात नेऊन बसवलं, दुसऱ्यानं तिला वायरिंगमध्ये घातलं. भेंडीच्या भावाचं कुणालाच काही नव्हतं.

पण मला बरं वाटू लागलं होतं. आणि म्हणूनच त्या रविवारी पाचवं शील घशात अडकलं. ज्यानं डोकं फिरतं असं काहीतरी मी शिरेतून घेत होते. मग कुठल्या तोंडानं म्हणायचं? मुलगी बाबांचीच.

त्यानंतर बाबांनी तपास सुरू केला. मी शेजारून गेले की हळूच हुंगायचे. फ्रिजमधल्या कोकम सरबताची बाटली त्यांनी उघडून वास घेऊन पाहिली. खोकल्याचं औषध कपाटातून नाहीसं झालं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं, खुर्ची पुढे केली आणि समोरच्या टॉवरकडे बघत विचारलं, "बेटा, किती दिवसांपासून चालू आहे?"

"काय?"

"मी तुझ्या काकाला आयुष्यभर बघितलंय. मला शिकवू नकोस. किती घेतेस रोज?"

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, आवरेना. आई गेल्यापासून मी हसले नव्हते. बाबा आधी चिडले, मग नुसते बघत राहिले. हसता हसता मी सगळं सांगून टाकलं. पाठ, फिजिओथेरपी, सलाईन, सगळं.

त्यांनी इंजिनिअरसारखे प्रश्न विचारले. औषध किती देतात, बीपी कोण बघतं, डॉक्टर डिग्रीवाला आहे ना, कुणी बाबा-बुवा तर नाही? मग म्हणाले, "तुझ्या आईला शेवटी मॉर्फिन दिलं, ती काय नशा होती? औषध ते औषध. रविवारी म्हण पाचवं. मोठ्यानं म्हण." माझ्या छातीवरचं ओझं इतकं पटकन उतरलं की मला रडूच आलं.

"आणि दिसतं काय?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मी जरा घाबरत जिना सांगितला. आता लेक्चर येणार होतं. "मेंदू असतो तो, बेटा," ते म्हणाले. "आठवणी असतात. दुसरं काही नाही."

"हो. डॉक्टरही तेच म्हणतात."

एअरपोर्टकडे जाणारं विमान अगदी खालून गेलं. त्याचा आवाज ओसरेपर्यंत बाबा थांबले.

"बादली कोणती होती?"

"पितळी."

"पितळी. तरी मी तिला सांगायचो, ती नको नेऊस, जड आहे." मग म्हणाले, "वळणावर थांबली होती का?"

"नाही."

"कठड्याला टेकली नाही?"

"नाही बाबा. बोलत बोलत चढली, थेट गच्चीपर्यंत. दम मला लागला. तिला नाही."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला, अगदी काकांसारखा. बराच वेळ पुसत होते.

"पुढच्या वेळी त्या मैत्रिणीला त्रास देऊ नकोस," ते म्हणाले. "मी येतो. बाहेरच बसेन. तू बाहेर आलीस की आधी मला सांग."