खोकला किती बाजारांपासून

डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी रुग्णाला विचारलेल्या एका प्रश्नासाठी मला शून्य मिळालं. तो प्रश्न बरोबर होता, असं मला अजूनही वाटतं.

या परीक्षेला ओस्की म्हणतात. रांगेत टेबलं, प्रत्येकावर पाच मिनिटं, घंटा वाजली की पुढे. माझ्या टेबलावर रुग्ण म्हणून वॉर्डातल्या मावशी बसल्या होत्या. ‘वीस दिवसांपासून खोकला’ असं त्यांना पाठ करून दिलं होतं. मी विचारलं, “मावशी, मागल्या बाजाराला गेलात तवा खोकला होता का? त्याच्या आदल्या बाजाराला?”

आमचा पाडा पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे किती दिवस झाले विचारलं, तर माणूस “लय दिस” म्हणून गप्प बसतो. आठवड्याचा बाजार मात्र कुणी विसरत नाही. दोन बाजार खोकल्यात गेले म्हणजे दोन आठवडे, म्हणजे थुंकी तपासायला पाठवायचं. माझ्या आत्याचा क्षय असाच कळला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिला बाजार मोजायला लावले होते.

मावशी गोंधळल्या. “अगं, बाजाराचं मला कुठं सांगितलंय?”

मला हसू आलं. समोर बसलेले परीक्षक सर हसले नाहीत. गुणांच्या यादीतल्या ‘आजाराचा कालावधी विचारला’ या ओळीपुढे त्यांनी शून्य घातलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षकांनी त्याच ओळीला पूर्ण गुण दिले. त्या वर्षी आमच्या विभागातल्या मॅडम संशोधन करत होत्या, एकाच विद्यार्थ्याला दोन परीक्षक सारखेच गुण देतात का यावर. म्हणून प्रत्येक टेबलावर दोघं होते; निकालात मात्र सरांचेच गुण धरायचे.

मॅडमनी बोलावलं. “तुझ्या गुणांच्या कागदावर दोघांचं जुळत नाही. हे टेबल पुन्हा दे. साधं ‘किती दिवसांपासून’ विचार, पास होशील. जुना कागद मी बाजूला काढते.”

पास व्हायला मला तेवढेच गुण कमी पडत होते. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच. मी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तेच टेबल, तेच सर. मावशी हळूच म्हणाल्या, “आज नीट विचार गं बाय.” तरी मी बाजारच विचारला.

सर म्हणाले, “आणि पेशंट बोईसरच्या कंपनीतला बिहारी कामगार असला तर?”

“मग विचारीन, सर, पिछली छुट्टी को खाँसी थी क्या.”

“केसपेपरवर काय लिहिशील? बाजार?”

“दिवस लिहीन. हिशेब मी करायचा, सर. पेशंटनं का करायचा?”

सरांनी पेन उचललं. “यादीत आहे तेवढंच मला बघायचंय.” पुन्हा शून्य.

मी तशीच मॅडमकडे गेले. म्हटलं, “माझा जुना कागद काढू नका. दोघांचं जुळलं नाही, हे तुमच्या संशोधनात राहू दे.”

“तू नापास होतेयस, कळतंय ना?”

“हो, मॅडम. जादा तासांना बसेन. तिथंही असंच विचारीन.”

मॅडमनी बाजूला काढलेला कागद उचलून संशोधनाच्या गठ्ठ्यात परत घातला. तो आत जाईपर्यंत मी दारातून हलले नाही.