सराफ्यातला गाळ

अकोल्यात महापालिकेच्या फाटकाबाहेर माझं टेबल आहे. लोकांचे अर्ज लिहून देतो. माझ्या हाताला वाढवून लिहायची सवय आहे, हे कबूल. पण साधा अर्ज कुठलेच साहेब वाचत नाहीत, हेही तितकंच खरं. एका माणसाच्या वाहून गेलेल्या म्हशीचा अर्ज मी असा लिहिला होता, की वाचता वाचता साहेबांनी घरी फोन लावून विचारलं, आपली म्हैस बांधलेली आहे ना? साहेबांकडे म्हैस नव्हती. इतका तो अर्ज चांगला होता.

तर एका सकाळी सराफ्यातली मावशी आली. माझी मावशी नव्हे, साऱ्या गल्लीची. धंद्यानं झारेकरीण. सोनार कानस चालवतात तेव्हा सोन्याचा कीस उडतो, हातापायांना, कपड्यांना चिकटतो आणि धुतल्या पाण्याबरोबर नालीत जातो. त्या नालीतला गाळ काढायचा, धुवायचा आणि ते कण वेगळे करायचे, हे तिचं काम. दुकानातली झाडलोट सोनार स्वतःच जपून ठेवतात; नाली मात्र हिची. सासूकडून सुनांना पाटल्या मिळतात, हिला नाली मिळाली. माहेर अमरावतीचं, त्यामुळे आमच्या नालीला ती आजही नावं ठेवते. तिच्या मते अमरावतीच्या नालीतलं पाणी जास्त शिस्तीत वाहतं.

अडचण अशी होती की गल्लीत काँक्रीटची नवी नाली होत होती, वर पक्की झाकणं. ती एकदा सिमेंटनं बसली की मावशीचा हात आत जाणार नव्हता. पन्नाशीच्या बाईला, जिनं उभा जन्म नाली धुतली, तिला दुसरं काम कोण देणार? तिचं मागणं लहानसं होतं. चार झाकणं उचलता येतील अशी ठेवावीत, कड्या लावून. जाताना बजावून गेली, "भाऊ, फक्त गाळ लिवजा. दुसरं काई लिवू नोका."

मी गाळ लिहिला. एकदा. मग वाटलं, गाळासाठी कोण झाकणाला कडी लावतं? म्हणून पुढं लिहिलं, की सदर नालीच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्यांचं सोनं साठलेलं असून कोलारच्या खाणीनं लाजावं अशी तिची योग्यता आहे. दोन पानं झाली. वाचून मलाच धोतर खोचून नालीत उतरावंसं वाटलं, आणि मी तर पँट घालतो.

बांधकामाच्या साहेबांनी अर्ज वाचला, आणि जरा जास्तच नीट वाचला. आठ दिवसांत आतून बातमी आली, की सराफ्यातल्या गाळाचा लिलाव काढायचं घाटतंय. नाली महापालिकेची, तर नालीतलं सोनंही महापालिकेचंच.

मावशी परत आली. मला वाटलं, आता चारचौघांत माझा उद्धार होणार. ती शांतपणे स्टुलावर बसली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "काहून लिवलं भाऊ सोनं?"

मी म्हटलं, अर्जाला वजन यावं म्हणून.

"आलं ना वजन. आता मायाच डोक्शावर पडलं ते."

मी नवा कागद पुढं ओढला, तिनं तो बाजूला सारला. मग तीच आत गेली आणि साहेबांना सांगून आली, की लिलाव काढा, पण आधी एकदा डोळ्यानं पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब सराफ्यात आले. नाली सुरू होते तिथं, चहाच्या टपरीसमोर बोट दाखवून म्हणाले, इथला काढा. मावशीनं घमेलंभर गाळ काढला आणि धुवायला बसली. घमेलं तिरपं करायचं, हलवायचं, वर आलेलं हलकं पाणी सोडून द्यायचं, पुन्हा पाणी घ्यायचं. ऊन असं होतं की त्या पाण्यात अंडी सोडली असती तर उकडून निघाली असती. तासाभरानं तळाशी काळी रेती उरली. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून तिनं त्यावरून फिरवलं, लोखंडाचा भुगा उचलून घेतला. उरला खसखशीच्या दाण्याएवढा एक पिवळा कण. साहेबांनी चष्मा लावला. मग सोबत आलेल्या बाबूचाही चष्मा मागून घेतला.

"एवढंच?" त्यांनी मला विचारलं.

सगळे सोनार दुकानाच्या पायरीवर येऊन उभे होते. माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, एकाहून एक सरस. मावशी माझ्याकडे नुसती पाहत होती.

"मी वाढवून लिहिलं, साहेब," मी म्हटलं. "नालीत गाळ आहे."

साहेब म्हणाले, लिलावाच्या जाहिरातीलाच याहून जास्त पैसे लागतील. पण फाइलीत सोनं शिरलंय, ते आता फाइलीतून काढता येत नाही. तेव्हा नवा अर्ज द्या, आणि त्यात तो शब्द दिसता कामा नये. तिथंच एका सोनाराच्या काउंटरवर मी लिहिलं: सराफ्यातील नालीतला गाळ दर आठवड्याला काढून नाली साफ ठेवण्याची परवानगी मिळावी, त्यासाठी चार झाकणांना कड्या बसवाव्यात. संपला अर्ज. इतका छोटा अर्ज लिहिल्यानं माझा हात संध्याकाळपर्यंत दुखत होता. मावशीनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच एकेक अक्षर जुळवत सही केली.

कड्या बसल्या. पहिल्या सोमवारी मी मुद्दाम पाहायला गेलो. ती टपरीवरून सरळ पुढं गेली आणि गल्ली जिथं वळते तिथलं झाकण उचलून बसली. मी विचारलं, टपरीपुढचं झाकण का नाही?

"तिथं पानी जोरात वायते. सोनं जड रायते भाऊ. पानी धिमं झालं का बसते."

मी म्हटलं, मग त्या दिवशी साहेबांना?

"सायबानं जिथलं मांगतलं तिथलं देल्लं."

त्या वळणावर किती निघतं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर कुठंतरी लिहून बसलो असतो.